सगळ्यात भारी कोण, ते एकदा फॅन्सना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पेपर हातात आला की आधी मागून उघडतो, म्हणजे खेळाचं पान आधी, बाकी जग नंतर. त्यामुळे तक्रार करायचा थोडाफार हक्क आहे असं समजून लिहितोय. फुटबॉलबद्दल काही छापून आलं की फिरून फिरून तीच यादी असते, अमुक क्लबचे सर्वकालीन दहा खेळाडू. आणि ती यादी कशी बनते तेही कळतं हो, कोणी किती मॅच खेळल्या, किती गोल मारले, किती ट्रॉफ्या उचलल्या, घ्या उतरत्या क्रमाने, झाली यादी. कोणीही कॉम्प्युटरपुढे बसून अर्ध्या तासात करेल.

पण दोन फॅन्स भेटले की ते असं बोलतच नाहीत. ते एकमेकांना विचारतात, तू स्वतः पाहिलेल्यांत सगळ्यात टॅलेंटेड कोण रे? आणि मग समोरचा जरा थांबतो. त्या थांबण्यातच सगळं आलं, कारण तोंडावर आलेलं नाव सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याचं नसतं आणि कॅप्टनचंही नसतं. तो कोणीतरी वेगळाच असतो. बॉल त्याच्याकडे गेला की बोलता बोलता आपण गप्प व्हायचो, असा कोणीतरी. अंगात कला असणं वेगळं आणि कपाट भरून ट्रॉफ्या असणं वेगळं, कधी दोन्ही एकाच माणसाकडे असतं पण दर वेळी नाही, आणि तुमच्या याद्यांमध्ये नेमका हा पहिला माणूस गळतो.

माझं सांगतो. मी साउदॅम्प्टनवाला. हसू नका. सगळे मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल करत असताना मी या क्लबच्या नादी लागलो त्याला कारण एकच माणूस, मॅट ल टिसिये. ग्वेर्नसी नावाच्या छोट्या बेटावरून आलेला, १९८६ पासून २००२ पर्यंत एकाच क्लबात राहिला, ५४० मॅच, २०९ गोल, मोठी ट्रॉफी एकही नाही. टॉटेनहॅम बोलवत होतं, चेल्सी बोलवत होतं, हा गेला नाही. पळायचा कंटाळा, पोट जरा सुटलेलं, टॅकल वगैरे करणं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी काम असल्यासारखा चेहरा. आणि फॅन्स त्याला काय म्हणायचे तर 'ल गॉड', सरळ देवच.

ऑक्टोबर १९९३ ची न्यूकॅसलविरुद्धची मॅच घ्या. त्याआधी त्याला टीममधून बाहेर बसवलेलं, कोच ब्रॅनफूटला तो आळशी वाटायचा. या मॅचला परत घेतलं. बॉल उंचावरून आला आणि पळत्या ल टिसियेच्या जरा मागे पडला, म्हणजे दुसरा कोणीही तिथे थांबला असता, वळला असता, तोवर डिफेंडर अंगावर आले असते. ह्याने काय केलं, पळता पळताच टाचेने बॉल मागून पुढे ओढला आणि त्याच एका टचमध्ये पहिला डिफेंडर गेला. दुसरा समोर आला तर त्याच्या डोक्यावरून अलगद उचलला, जसं काही गल्लीत पोरांबरोबर खेळतोय. आणि मग गोलकीपरसमोर आल्यावर जोरात मारायचा सोडून बाजूने नुसता सरकवला. नंतर स्वतःच कबूल केलं की शेवटचा फटका नीट बसलाच नव्हता. मला तर त्यातलं हेच सगळ्यात आवडतं, दोन डिफेंडरना असं काढायचं आणि जे सोपं तेच चुकायचं, तरी गोल.

त्याच्या पेनल्टीचा हिशोबही सांगतो, मी आकड्यांच्या अगदीच विरोधात नाही. क्लबसाठी ४८ पेनल्टी मारल्या, ४७ गोल. जी एक अडली ती मार्च १९९३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मार्क क्रॉसलीने अडवली, आणि क्रॉसली आयुष्यात बाकी काय काय खेळला असेल पण आमच्यासारख्यांना तो त्या एका पेनल्टीपुरताच ठाऊक. झावीनेसुद्धा सांगितलंय की लहान असताना टीव्हीवर तो ल टिसियेचे गोल बघत बसायचा. बार्सिलोनाचा झावी, हां. इंग्लंडने मात्र ह्याला अख्ख्या करिअरमध्ये ८ मॅच दिल्या. १९९८ च्या वर्ल्डकपआधी बी टीमकडून रशियाविरुद्ध तीन गोल मारले तरी घेतलं नाही, आणि न घेणारा कोच होता ग्लेन हॉडल, ज्याला ल टिसिये लहानपणापासून हीरो मानायचा. असो, हे आठवलं की माझं बीपी वाढतं.

आता मुद्द्यावर येतो, कारण मला नुसतं कौतुक करायचं नाहीये. अशा माणसाचं करायचं काय हा प्रश्न प्रत्येक कोचला पडतो. जानेवारी १९९४ मध्ये साउदॅम्प्टनला ॲलन बॉल आला, इंग्लंडच्या १९६६ च्या वर्ल्डकप टीममधला. त्याने काय केलं म्हणतात, प्रॅक्टिसला ल टिसियेला मधोमध उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं की हा तुमचा सगळ्यात चांगला प्लेयर, बॉल मिळाला की ह्याला द्या. बस्स, हीच स्ट्रॅटेजी. आणि चालली की! ॲलन बॉलच्या हाताखाली ल टिसियेचे ६४ मॅचमध्ये ४५ गोल, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचला, पुढच्या सीझनला तर दहावा आला. आमच्यासाठी दहावा म्हणजे दिवाळीच.

मग १९९५ च्या उन्हाळ्यात हाच ॲलन बॉल मँचेस्टर सिटीत गेला. आणि तिथे कोण आला तर जॉर्जियाच्या तिब्लिसीहून जॉर्जी किंकलाद्झे. म्हणजे बघा, कोच तोच, हातात पुन्हा एक दैवी देणगी असलेला पोरगा, आणि मनात बहुतेक तीच आयडिया, बॉल ह्याला द्या. फक्त हे सिटी म्हणजे आजचं पैशावर लोळणारं सिटी नव्हे, तेव्हा ते रडतखडत चालणारं होतं.

माझा एक जुना मित्र तेव्हापासूनचा सिटीवाला. पुढे त्याच्या क्लबने सगळं जिंकलं, २०२३ ला तर एकाच सीझनला तीन मोठ्या ट्रॉफ्या. त्याला मी परवा विचारलं, सगळ्यात टॅलेंटेड कोण पाहिलास? मला वाटलं दाविद सिल्व्हा म्हणेल, नाहीतर डी ब्रॉयना. सिल्व्हाचा तर स्टेडियमबाहेर पुतळा आहे. तर हा पठ्ठ्या म्हणतो, किंकलाद्झे.

मी म्हटलं, "अरे काय बोलतोस, ज्याच्या वेळी तुम्ही खाली गेलात तो?"

"गेलो ना, पण तो होता म्हणून बघवत तरी होतं."

यावर काय बोलणार. आणि मग त्याने तो गोल लावला. १६ मार्च १९९६, समोर कोण तर आमचंच साउदॅम्प्टन. उजवीकडून बॉल घेऊन निघाला, डावा पाय, बॉल बुटाला चिकटवल्यासारखा, एक गेला, दुसरा गेला, आमचे डिफेंडर तर असे बाजूला होत होते की वाटावं रस्ता करून देतायत. शेवटी गोलकीपर बीसंट पडला त्याच्या अंगावरून त्याने नुसता चमचा मारल्यासारखा बॉल वर घातला. मित्र सांगताना दर वर्षी त्यात एक डिफेंडर वाढवतो, ते सोडून द्या.

पण खरी गंमत पुढे आहे आणि यादी करणाऱ्यांना ती कधीच दिसायची नाही. त्या सीझनच्या शेवटी सिटी, साउदॅम्प्टन आणि कोव्हेंट्री तिघांचे पॉइंट सारखे, ३८. शेवटच्या दिवशी तिघांचीही मॅच बरोबरीत. सिटी लिव्हरपूलशी २-० ने मागे होतं, २-२ केलं, आणि मग कोणीतरी बाहेरून चुकीची बातमी आणली की बरोबरी पुरेशी आहे, तर हे लोक बॉल कोपऱ्यात नेऊन टाइमपास करायला लागले! नायल क्विन आधीच बदली होऊन बाहेर आलेला, त्याला खरं काय ते कळलं आणि तो साइडलाइनवरून ओरडत धावला की अरे गोल पाहिजे, गोल. उशीर झाला. गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल, सिटी खाली, आम्ही वर. म्हणजे ॲलन बॉलने आधी ज्या माणसाच्या जिवावर एक क्लब तारला होता तोच क्लब त्याच्या नव्या क्लबच्या छातीवर पाय देऊन वाचला. तो दिवस आला की मित्र माझ्याशी बोलत नाही. पण किंकलाद्झे खाली गेलेल्या क्लबाबरोबर थांबला, आणखी दोन सीझन खेळला, फॅन्सनी त्याला लागोपाठ दोनदा, १९९६ आणि १९९७ ला, प्लेयर ऑफ द इयर केलं. १९९८ ला क्लब अजून एक डिव्हिजन खाली, मग तो हॉलंडच्या आयाक्स क्लबला गेला.

आता यातून कोणी म्हणेल की असे प्लेयर टीमला बुडवतात. तर त्यांचंही ऐकून घेतलं पाहिजे, आंधळं प्रेम नको. सिटीचंच उदाहरण, १९७२. मार्चमध्ये टेबलमध्ये सगळ्यात वर असताना त्यांनी क्वीन्स पार्क रेंजर्सचा रॉडनी मार्श आणला, दोन लाख पौंड देऊन. मार्श म्हणजे कलाकार, बॉलशी खेळणारा, लोकांना हसवणारा. बाकी टीमचा खेळ एकदम सरळ आणि वेगवान, ह्याचा पाय बॉलवर थांबून राहणारा. लय बिघडली. सिटी चौथं आलं, चॅम्पियन डर्बीपेक्षा फक्त एक पॉइंट कमी. मार्श स्वतःच पुढे म्हणत आला की माझ्यामुळे ती लीग गेली. पण तरी मार्शचं नाव निघालं की दोन्ही क्लबची जुनी माणसं अजून हसतातच. हे कसं समजावायचं ते मला कळत नाही, पण तसं आहे.

आणि क्यूपीआरला, म्हणजे त्याच क्वीन्स पार्क रेंजर्सला, तर दहा नंबरचा शर्टच असा. मार्श गेल्यावर तो घालायला बाकीचे कचरत होते म्हणतात, तर स्टॅन बोल्स आला आणि खुशाल अंगावर चढवला, वर म्हणे कोण हा रॉडनी मार्श, मी तर नावच ऐकलं नाही. जुगाराचा नाद, रेसकोर्सवरून धावत येऊन मॅच खेळणारा. आणि पुढे २०१०-११ ला त्याच क्लबात आदेल तारब्त. त्याचा कोच नील वॉर्नॉकने नियमच केला, आपल्या हाफमध्ये ह्याला कोणी पास द्यायचा नाही, तिथे हा ड्रिबल करत बसला तर गोल खाऊ, पुढच्या हाफमध्ये द्या, मग काय करायचं ते करू दे. त्या वर्षी ते चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, जिंकून प्रीमियर लीगला गेले. मला वॉर्नॉक फारसा आवडत नाही, पण ही अक्कल मानावी लागेल.

आता संपादक साहेब, ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. ल टिसिये आणि किंकलाद्झे तरी व्हिडिओत सापडतात. ज्यांचं शूटिंगच नाही त्यांचं काय?

रेडिंग क्लबचा रॉबिन फ्रायडे. १९७४ ते १९७६, तेही बहुतेक काळ चौथ्या डिव्हिजनमध्ये. दारू, ड्रग्ज, मारामाऱ्या, सगळं. ३१ मार्च १९७६ ला ट्रॅनमिअरविरुद्ध त्याने एक गोल मारला, गोलकडे पाठ, बॉल छातीवर घेतला आणि तसाच वळून डोक्यावरून व्हॉली, म्हणजे बॉल जमिनीवर पडायच्या आत फटका, सरळ वरच्या कोपऱ्यात. रेफ्री होता क्लाइव्ह थॉमस, वर्ल्डकपच्या मॅच चालवलेला माणूस, तो म्हणाला की असा गोल मी बघितला नाही. त्या गोलचं फुटेज नाही. कॅमेराच नव्हता. जे काही आहे ते त्या दिवशी स्टँडमध्ये असलेल्या लोकांच्या डोक्यात, आणि ती माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात असतील. फ्रायडे १९९० मध्ये गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. १९९९ ला रेडिंगच्या फॅन्सना विचारलं की आपल्या क्लबचा मिलेनियममधला प्लेयर कोण, त्यांनी फ्रायडेला निवडलं. ज्याचा खेळ अर्ध्या मतदारांनी पाहिलाही नसेल त्याला! म्हणजे बापाने पोराला सांगितलेलं मत पोराने टाकलं.

दुसरा तर त्याहून भारी. अर्जेंटिनात रोसारियो शहर, तिथला तोमास कार्लोविच, लोक त्याला 'त्रिन्चे' म्हणायचे. मोठे क्लब दोन, न्यूएल्स आणि रोसारियो सेंट्रल, हा खेळायचा तिसऱ्याच, सेंट्रल कोर्दोबामध्ये, बहुतेक काळ खालच्या डिव्हिजनला. १९७४ च्या वर्ल्डकपआधी अर्जेंटिनाची नॅशनल टीम रोसारियोत प्रॅक्टिस मॅच खेळायला आली. शहराच्या टीममध्ये पाच न्यूएल्सचे, पाच सेंट्रलचे आणि अकरावा हा. हाफटाइमला रोसारियो ३-०. सांगतात की नॅशनल टीमच्या कोचनेच विनंती केली, बाबांनो त्या पाच नंबरच्या शर्टवाल्याला, म्हणजे ह्याला, काढा. शेवटी ३-१. ह्याचा एक खास डाव होता म्हणतात, समोरच्याच्या दोन पायांमधून बॉल काढायचा आणि तो वळला की परत तसाच पायांतून उलटा आणायचा. खरं किती आणि गावगप्पा किती, कोणाला माहीत, त्याचं फुटेज जवळपास नाहीच. पण १९९३ ला मॅराडोना न्यूएल्सकडून खेळायला आला तेव्हा पत्रकारांना तोच म्हणाला की जगातला सगळ्यात भारी प्लेयर ह्या शहरात आधीच खेळून गेलाय, कार्लोविच. फेब्रुवारी २०२० मध्ये दोघं भेटले, मॅराडोनाने त्याला शर्टवर लिहून दिलं की तू माझ्यापेक्षा चांगला होतास. मे महिन्यात त्रिन्चेला कोणीतरी सायकल हिसकावताना पाडलं आणि त्यात तो गेला. नोव्हेंबरमध्ये मॅराडोनाही. आता कोणाला विचारणार?

मी हे नाही म्हणत की फॅन्सची आठवण म्हणजे कोर्टाचा पुरावा. आठवण खोटं बोलते, आणि सोयीचं तेवढंच ठेवते. ब्राझीलच्या गारिंचाचं बघा. एक पाय आत वाकलेला, एक बाहेर, त्यातला एक काही सेंटीमीटर आखूड. बोटाफोगो क्लबमध्ये ट्रायलला आला तेव्हा समोर उभा केला निल्तोन सांतोस, ब्राझीलचा डिफेंडर. गारिंचाने त्याला असं नाचवलं की त्यानेच सांगितलं, हा पोरगा आत्ताच्या आत्ता घ्या, मला ह्याच्याविरुद्ध खेळायचं नाही. पुढे दोन वर्ल्डकप जिंकले, १९६२ ला पेले जखमी झाल्यावर तर ह्यानेच ओढून नेला, इंग्लंडविरुद्ध दोन गोल, चिलीविरुद्ध दोन. पेले आणि तो दोघं एकत्र असताना ब्राझील एकही मॅच हरलं नाही. लोक त्याला 'जनतेचा आनंद' म्हणायचे. आणि हा जनतेचा आनंद १९८३ मध्ये दारूने ४९ व्या वर्षी गेला, तेव्हा मारकाना स्टेडियममध्ये ठेवलेल्या त्याच्या शवपेटीपुढे रांगच रांग. जिवंतपणी त्याच्या दारात किती जण गेले होते? हेही फॅन्सनी लिहावं, नुसते ड्रिबल नको.

अजून एक राहिलं. टॅलेंट म्हटलं की सगळ्यांना ड्रिबलच दिसतात, डिफेंडरला कोणी विचारत नाही. ॲस्टन व्हिलाचा पॉल मॅकग्रा, गुडघ्यांवर आठ ऑपरेशनं झालेली, आठवडाभर प्रॅक्टिस जवळपास नाही, शनिवारी सरळ मॅच. आणि १९९३ ला इंग्लंडमधल्या लीगच्या प्लेयर्सनी मतं देऊन त्याला वर्षाचा बेस्ट प्लेयर केलं. ज्याला पळता येत नाही तो बॉल कुठे येणार ते आधीच ओळखून तिथे जाऊन उभा राहतो, ह्याला देणगी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं. व्हिलावाले त्यालाही 'गॉड'च म्हणतात, म्हणजे देव दोन झाले, आमचा आणि त्यांचा.

तर विनंती एवढीच. आठवड्यातून एकदा, खेळाच्या पानाच्या कोपऱ्यात, अर्धा कॉलम द्या. जगातल्या कुठल्याही क्लबचा फॅन असो, त्याने स्वतः पाहिलेल्या सगळ्यात टॅलेंटेड प्लेयरबद्दल लिहावं. गोलची बेरीज नको, किती ट्रॉफ्या ते नको, एक मॅच, एक क्षण, बॉल कुठून आला आणि त्याने काय केलं, आणि आपण तेव्हा काय करत होतो. लाइव्ह पाहिलं असेल तर उत्तम, टीव्हीवर असेल तरी चालेल. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहावं. आणि वय झालेल्यांचं आधी छापा, त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

पहिलं नाव माझं घ्या, ल टिसिये. न्यूकॅसलचा गोल वर लिहिलाच आहे, पण जागा उरली तर १९ मे २००१ ची आर्सेनलविरुद्धची मॅच छापा, द डेल या आमच्या जुन्या ग्राउंडवरची शेवटची लीग मॅच, ल टिसिये बदली खेळाडू म्हणून आला, २-२ चालू, संपायला मिनिटभर उरलेलं, डाव्या पायाने वळून मारला आणि ३-२. त्यानंतर ते ग्राउंड पाडलं.

मित्राचं पत्रही तयार आहे म्हणतोय, वेगळं पाठवेल. त्याच्या कच्च्या मसुद्यात किंकलाद्झेने आमचे आठ डिफेंडर काढलेत. ते तेवढं व्हिडिओ लावून मोजून घ्या आणि मग छापा.

आपला,
मागून पेपर वाचणारा एक वाचक